शब्दात सुरी नको, डोळा हवा: भाषा संचालनालयाला खुले पत्र

प्रति,
मा. भाषा संचालक आणि परिभाषा ठरवणारे सर्व सहकारी,
भाषा संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय: ‘शवविच्छेदन’ या शब्दाचा फेरविचार व्हावा

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षं वेगवेगळ्या ग्रामीण रुग्णालयांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलं आणि आता निवृत्त झाले आहे. ओपीडी, बाळंतपणं, लसीकरण, शिबिरं यांच्या जोडीने आमच्या वाट्याला आणखी एक काम येतं. त्याबद्दल आम्ही घरी कधी बोलत नाही. विहिरीत सापडलेला, शेतात विजेचा धक्का बसलेला, कीटकनाशक प्यायलेला, गाडीखाली आलेला माणूस पोलिसांच्या कागदासह आमच्या दारात येतो. तो कशाने गेला, हे आम्ही लिहून द्यायचं असतं. या कामाला गावात ‘पीएम’ म्हणतात, शहरात ‘पोस्टमॉर्टेम’, वर्तमानपत्रात ‘शवविच्छेदन’ आणि सरकारी पत्रांत बऱ्याचदा ‘उत्तरीय तपासणी’. यातला तिसरा शब्द बदलावा आणि चौथा दुरुस्त करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

‘छिद्’ म्हणजे कापणं. विच्छेद म्हणजे कापून वेगळं करणं. नवराबायको कायमचे वेगळे झाले की त्याला विवाहविच्छेद म्हणतात, ते याच अर्थाने. त्याच्या आधी ‘शव’ लावलं की उरतं ते फक्त प्रेताची कापाकापी. ती कशासाठी, कोणी करायची, तिच्यातून काय कळणार, यातलं काहीही त्या शब्दात नाही. हत्यार आहे, हेतू नाही.

हा शब्द किती जड आहे, ते मला नोकरीच्या आधीच कळलं. एका शिकवणाऱ्या रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होते. एकोणीस वर्षांचा मुलगा तापाने आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आमच्यातल्या कोणालाही निदान करता आलं नव्हतं. अशा वेळी नातेवाइकांच्या संमतीने वैद्यकीय कारणासाठी मृतदेह तपासता येतो. पोलिसांचा त्यात संबंध नसतो. वरिष्ठांनी मला वडिलांशी बोलायला पाठवलं. मी चोवीस वर्षांची, पुस्तकातला शब्द तोंडात आला तसा वापरला: “आम्हाला शवविच्छेदनाची परवानगी हवी आहे.” ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “जिवंत होता तोवर सुया टोचल्या. आता गेल्यावर फाडायचं?” पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. मुलगा कशाने गेला ते त्यांना कळलं नाही, आम्हालाही नाही. घरात धाकटी दोन भावंडं होती. आजार त्यांना होण्यासारखा होता का, तेही सांगता आलं नाही. मी तेव्हा दुसरा शब्द वापरला असता तर ते हो म्हणाले असते, असा दावा मी करत नाही. पण मी त्यांच्यापुढे प्रश्न ठेवायला हवा होता, आणि मी सुरी ठेवली.

आता मूळ शब्दाकडे येते. ‘ऑटॉप्सी’ हे या तपासणीचं इंग्रजी नाव, मुळात ग्रीक शब्द. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात प्रेत नाही, कापणं नाही. ग्रीक वैद्यांचा एक पंथ अनुभवालाच प्रमाण मानणारा होता. त्यांच्या मते वैद्याचं ज्ञान तीन वाटांनी येतं, असं गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने नोंदवलं आहे: स्वतः पाहिलेलं, इतरांनी पाहून सांगितलेलं, आणि एका रोगावरून तशाच दुसऱ्या रोगाबद्दल बांधलेला अंदाज. यातल्या पहिल्या वाटेचं नाव ‘ऑटॉप्सिया’. तिथे रोगी जिवंत होता. लूकच्या शुभवर्तमानात अगदी सुरुवातीला प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदारांचा उल्लेख येतो, तिथेही याच घराण्यातला शब्द आहे. पुढे युरोपात सतराव्या शतकाच्या सुमारास तो मृतदेहाच्या तपासणीला चिकटला. कारण उघड होतं: इतर सगळं ऐकीव, शेवटची खात्री ही स्वतः पाहून.

‘बायोप्सी’ ही त्याचीच बहीण. १८७९ मध्ये बेस्निए या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाने ती रूढ केली. ‘बायोस’ म्हणजे जीवन. जिवंत शरीराचा तुकडा काढून पाहणं. तुकडा तिथेही कापूनच काढतात, तरी नाव पाहण्याचं ठेवलं. आपण तो शब्द मराठीत तसाच घेतला, आणि ‘बायोप्सी करायची आहे’ म्हटल्यावर घाबरलेला माणूस आजाराला घाबरतो, शब्दाला नाही. ‘पोस्टमॉर्टेम’ लॅटिन: ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘मॉर्टेम’ म्हणजे मृत्यू. आपलं ‘मरण’ आणि त्यांचं ‘मॉर्स’ एकाच जुन्या धातूतून आलेले आहेत. या शब्दातही कापणं नाही, फक्त वेळ सांगितली आहे. ‘नेक्रॉप्सी’ म्हणजे मृताला पाहणं. हा शब्द पशुवैद्य अधिक वापरतात. म्हणजे जगभर वैद्यकात चालणारे हे तीनही शब्द एक तर पाहण्याबद्दल बोलतात, नाही तर मरणानंतरच्या वेळेबद्दल. कापण्याबद्दल बोलणारा शब्द आपण तयार केला.

आणि याचं मला वाईट वाटतं ते अशासाठी की आपल्याकडे पाहण्याचा शब्द होता. ग्रीक ‘ऑप्स’ आणि संस्कृत ‘अक्षि’ हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे नातलग आहेत. अक्षीपासून ‘प्रत्यक्ष’: डोळ्यासमोरचं. म्हणजे ऑटॉप्सीच्या पोटात जो डोळा आहे तोच आपल्या ‘प्रत्यक्ष’मध्ये आहे. सुश्रुताने आपल्या संहितेतल्या शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात जे म्हटलं आहे ते वाचताना मला नेहमी वाटतं की तो ऑटॉप्सीची व्याख्याच करतो आहे:

प्रत्यक्षतो हि यद् दृष्टं शास्त्रदृष्टं च यद् भवेत् ।
समासतस्तदुभयं भूयो ज्ञानविवर्धनम् ॥

प्रत्यक्ष पाहिलेलं आणि शास्त्रात पाहिलेलं, ही दोन्ही एकत्र आली की ज्ञान वाढतं. त्याच्या लगेच पुढे मृतदेह कसा अभ्यासायचा याची कृती आहे. देह सगळ्या अवयवांनिशी असावा, विषाने किंवा लांबलेल्या आजाराने गेलेला नसावा. मुंज, वल्कल, कुश किंवा ताग यांत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, आडोशाच्या जागी नदीच्या पाण्यात बांधून ठेवावा. सात रात्रींनी काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर उलगडावा आणि, मूळ शब्द असे आहेत, ‘लक्षयेच्चक्षुषा’. डोळ्यांनी पाहावा. ‘शनैः शनैः’ हेही त्याचेच शब्द. शरीररचना शिकण्यासाठीचा हा मार्ग आहे, मृत्यूचं कारण शोधण्यासाठीचा नव्हे, याची मला जाणीव आहे. पण मृतदेहापुढे वैद्याने कसं उभं राहावं हे त्यात आहे. प्रेतासंबंधी त्याने वापरलेलं क्रियापद आहे ‘शोधयित्वा’. शुद्ध करून, शोधून.

मृत्यूचं कारण शोधण्याचा प्रश्न कौटिल्याने घेतला आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणातल्या सातव्या अध्यायाचं नावच ‘आशुमृतकपरीक्षा’ आहे. आशुमृतक म्हणजे एकाएकी मेलेला. आज पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, तोच हा माणूस. अशा देहाला तेल लावून तपासावं, असं कौटिल्य सांगतो. मलमूत्र बाहेर आलेलं, पोट आणि त्वचा वाऱ्याने फुगलेली, हातपाय सुजलेले, डोळे उघडे आणि गळ्यावर खुणा असतील तर गळा दाबून श्वास कोंडून मारलं आहे असं समजावं. हात, पाय, दात, नखं काळवंडलेली, मांस आणि केस सैल झालेले, तोंडाला फेस, असं असेल तर विष. हृदयातून काढलेला अंश विस्तवावर टाकल्यावर चटचट वाजला किंवा इंद्रधनुष्याचे रंग दिसले तरी विषच. ही शेवटची खूण आज आपण मानणार नाही. पण गळ्यावरच्या खुणा, उघडे डोळे, नखांचा रंग या गोष्टी मी स्वतः शेकडो वेळा त्याच क्रमाने पाहिल्या आणि लिहिल्या आहेत.

शब्दाकडे बघा: परीक्षा. परि आणि ईक्षा. सगळ्या बाजूंनी पाहणं. ऑटॉप्सीला यापेक्षा नेमका मराठी शब्द मला सापडत नाही. ‘शवपरीक्षा’ मी बनवलेला नाही. हिंदीत तो रुळला आहे, मराठीतही अधूनमधून दिसतो. त्याला फक्त अधिकृत जागा हवी आहे.

कायद्याची भाषाही आमच्या बाजूला आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. दोन्हींचा इंग्रजी मजकूर सांगतो की पोलिसांनी मृतदेह जवळच्या सिव्हिल सर्जनकडे ‘तपासला जावा या हेतूने’ पाठवावा. तपासला जावा. कापला जावा असं कायदा म्हणत नाही.

खरोखर तसंच असतं. हत्यार हातात घेण्याआधी कितीतरी वेळ पाहण्यात जातो. अंगावरचे कपडे, त्यावरचे डाग, फाटलेल्या जागा. शरीर ताठरलंय का, कुठवर. रक्त साकळून पाठीवर डाग पडलेत की पोटावर, म्हणजे मृतदेह नंतर उलटवला का. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत का. नखांत माती आहे की कातडी. प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, खोली, जागा. मग डोकं, छाती, पोट. मग व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, मिठाच्या पाण्यात घालून, सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे. शेवटी टाके घालून, देह धुऊन नातेवाइकांच्या हाती देणं. या सगळ्यात कापणं आहेच, ते मी लपवत नाही. पण पुस्तक वाचण्याला कोणी पानं उलटणं म्हणत नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थोडा जड होतो. अनेक ठिकाणी, मी काम केलं त्यांतल्या काही जागीही, शरीर उघडण्याचं काम सफाई कर्मचारी करत आणि डॉक्टर दारात उभं राहून नाकाला रुमाल लावून टिपणं घेत. सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच केलं. खोलीत उजेड नसे, पाणी नसे, आणि वरिष्ठांनी तसंच शिकवलं होतं. यात बदल झाला तो एका आईमुळे.

बावीस वर्षांचा मुलगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला, पापण्या जड झाल्या, बोलता येईना, आणि जीपमध्येच गेला. आदल्या संध्याकाळी घरात भांडण झालं होतं. गावाने ठरवून टाकलं की पोराने औषध प्यायलं. पोलिसांच्या कागदातही तोच संशय होता. आई पीएम रूमच्या बाहेर चिंचेखाली बसली होती. मी चावी घेऊन निघाले तशी उठली आणि म्हणाली, “बाई, तुमी सोता बगणार न्हवं? का दुसऱ्यावर सोडणार?”

तिला ग्रीक येत नव्हतं. पण तिने विचारलं ते अक्षरशः त्या शब्दाचं मूळ होतं. मी आत गेले, खिडक्या उघडायला लावल्या, बॅटरी मागवली, घरून भिंग आणवलं. मुलगा जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. मण्यार रात्री अशा झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की सूज येत नाही, खूण दिसत नाही, कित्येकदा माणसाला जागही येत नाही. मी डोक्याच्या केसांपासून सुरुवात केली. दीड तासाने डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेच्या मधे दोन ठिपके सापडले. पोटात कीटकनाशकाचा वास नव्हता. तरी व्हिसेरा पाठवला. काही महिन्यांनी अहवाल आला: विष आढळलं नाही. त्या कागदाने घराला शेतकरी अपघाताची सरकारी मदत मिळायला आधार झाला, कारण सर्पदंश त्यात धरतात आणि शवपरीक्षेचा अहवाल मागतात. आज गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या सानुग्रह अनुदान योजनेत ही मदत २ लाख रुपये आहे. पण आईने पैशांचं काही विचारलं नाही. ती गावातल्या चार माणसांना घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ह्यांना सांगा. पोरानं काय बी प्यालं नव्हतं.”

त्यानंतर मी दारात उभं राहून टिपणं घेतली नाहीत.

म्हणून माझा आग्रह फक्त नातेवाइकांच्या भावनेसाठी नाही. ‘विच्छेदन’ म्हटलं की ते काम कोणाच्याही हाताने होऊ शकतं, कापायला दुसरा माणूस चालतो. ‘परीक्षा’ ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

व्हिएन्नात १८४७ मध्ये प्रसूती विभागात काम करणारे डॉक्टर सेमेलवाइस यांचे मित्र, न्यायवैद्यकाचे प्राध्यापक कोलेच्का, मृतदेह तपासताना विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून मरण पावले. त्यांच्या शवपरीक्षेत जे दिसलं ते बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरात दिसे तसंच होतं. त्यावरून सेमेलवाइस यांनी ओळखलं की डॉक्टरांचेच हात प्रेतांकडून बाळंतिणींकडे रोग नेत आहेत. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केल्यावर त्यांच्या विभागातले मृत्यू एप्रिलमध्ये शंभरी अठराच्या आसपास होते, ते जूनमध्ये दोनच्या आसपास आले. मी प्रत्येक बाळंतपणाआधी हात धुतले ते एका शवपरीक्षेमुळे.

दुसरा गोंधळ आपल्या शब्दाने केला आहे, आणि तो परिभाषेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी दान केलेल्या किंवा बेवारस देहावर शरीररचना शिकतात. त्याला इंग्रजीत ‘डिसेक्शन’ म्हणतात, आणि डिसेक्शनचा लॅटिन अर्थ कापून वेगळं करणं, म्हणजे बरोबर ‘विच्छेदन’. तो शब्द तिथे अचूक आहे, तिथेच राहावा. दोन वेगळी कामं, दोन वेगळे विभाग, दोन वेगळे कायदे, आणि मराठीत नाव एकच. देहदानाचा फॉर्म भरलेली माणसं मला विचारत, “म्हणजे आमचंही पोस्टमॉर्टेमच होणार ना?” नाही. उलट पोस्टमॉर्टेम झालेला देह शरीररचना विभाग सहसा स्वीकारत नाही. हे समजावून सांगताना मला मराठीत दोन शब्द मिळत नसत.

तिसरी अडचण गडचिरोलीतून दिसते. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या खेड्यांत बालमृत्यूंची कारणं शोधताना ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ ही पद्धत वापरली आणि तिचे निकष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. बाळ गेल्यानंतर कार्यकर्ती आईजवळ बसते आणि विचारते: ताप कधी आला, श्वास कसा चालत होता, दूध पीत होतं का. उत्तरांवरून मृत्यूचं कारण ठरवतात. याच पद्धतीने देशभर केलेल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं की भारतात २००५ च्या सुमारास सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार माणसं मरत होती, सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट. आता ‘व्हर्बल ऑटॉप्सी’चं मराठी काय करायचं? ‘शाब्दिक शवविच्छेदन’? समोर शव नाही, कापणं नाही, फक्त एक आई आणि तिचं ऐकणारी बाई आहे. ‘मृत्यूची तोंडी परीक्षा’ किंवा ‘मृत्युकारण-चौकशी’ असं काही चालेल. पण ‘विच्छेदन’ घेतलं की वाट बंद.

‘उत्तरीय तपासणी’बद्दल थोडक्यात. मूळ हेतू ‘नंतरची तपासणी’ असा असणार. पण मराठीत उत्तरीय म्हणजे खांद्यावरचं उपरणं. मृत्यूचा उल्लेख टाळता टाळता शब्दातून अर्थच गेला. ‘मरणोत्तर तपासणी’ म्हटलं तर प्रत्येकाला कळतं. मरणोत्तर पुरस्कार, मरणोत्तर नेत्रदान हे शब्द घराघरांत आहेत. पोलिसांच्या आणि रुग्णालयांच्या छापील नमुन्यांत हा बदल एका परिपत्रकाने होऊ शकतो.

कोणी म्हणेल, लोक ‘पोस्टमॉर्टेम’च म्हणतात, मग कशाला? बोलण्यात ते राहू द्या, माझी तक्रार नाही. पण आपण शेजारी शब्द ‘विच्छेदन’ ठेवल्यामुळे पोस्टमॉर्टेमचा अर्थही बिघडला आहे. अर्थसंकल्पाचं, निकालाचं, पराभवाचं ‘पोस्टमॉर्टेम’ असं आपण वाचतो, आणि तिथे अर्थ असतो चिरफाड. कोणी असंही म्हणेल की हा गोड शब्द लावून सत्य झाकणं आहे. तसं असतं तर मी विरोधात उभी राहिले असते. नातेवाइकांना छेद कुठून कुठवर घेतला जाईल हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे, आणि चेहरा कसा दिसेल, टाके कुठे असतील तेही. ते सांगण्यासाठी पूर्ण वाक्यं आहेत.

माझी विनंती आहे की परिभाषेच्या पुढच्या आवृत्तीत ऑटॉप्सीसाठी ‘शवपरीक्षा’, पोस्टमॉर्टेम तपासणीसाठी ‘मरणोत्तर तपासणी’ आणि फक्त डिसेक्शनसाठी ‘शवविच्छेदन’ असे तीन वेगळे शब्द ठेवावेत, आणि गृह, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या तीन विभागांना तसं कळवावं. वर्तमानपत्रं आपोआप मागे येतील. बातमीदार बातमी घेतात ती पोलिसांच्या कागदावरूनच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी नातेवाइकांशी बोलण्यासाठी चार ओळी तयार केल्या होत्या. आमच्या परिचारिकांनी त्या मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या दाराशी लावल्या. आपल्या उपयोगी पडल्या तर घ्याव्यात:

“तुमचं माणूस कशाने गेलं ते आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आहोत. त्यासाठी अंगावर छेद घ्यावा लागेल, नंतर तो शिवून देऊ. चेहरा तुम्हाला ओळखीचाच दिसेल. जे दिसेल ते लिहून देऊ, आणि तुम्ही विचाराल ते सांगू.”

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी